आधी गावच्या बोडीत तरंगा, मग मालवणला या

प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले एक शिक्षक विचारतात की, धानाची मळणी आटोपली की गावातली चौदा माणसं मालवणला जायचं म्हणतात. त्यात सहा तरुण, बचत गटातल्या पाच बाया आणि बाकीचे पन्नाशीतले. समुद्र कोणीच पाहिलेला नाही, पोहणारे तिघंच. मालवणच्या सागरी अभयारण्यात यांना स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं) जमेल का, कधी जावं, काय सांभाळावं? आणि सरांचा पुतण्या म्हणतो की पर्यटकांमुळेच तिथली पोवळी मरतात, तर मग जावंच का?

सर, मी साकोलीकडचा. गेले बारा हंगाम मालवणात स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचा (हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा) गाईड म्हणून काम करतो. ऑक्टोबर ते मे तिकडे. पावसाळ्यात तिकडचं पाणी बंद होतं आणि इकडे रोवणी लागते, म्हणून चार महिने गावी. आजही चिखलातून येऊन, पाय धुऊन हे लिहायला बसलो आहे.

पुतण्याचं अर्धं खरं आहे. पोवळी मरायला पर्यटकांचा हातभार लागतो. हातभारापेक्षा पायभार म्हणा, कारण हात लावणारे कमी आणि पाय ठेवणारे फार. बारा वर्षांत मी पाहिलेलं बहुतेक नुकसान वाईट हेतूनं झालेलं नाही. माणूस पाण्यात उतरतो, मास्कमध्ये दोन थेंब पाणी शिरतं, घाबरतो आणि उभा राहायला बघतो. खाली जे असेल त्यावर पाय टेकतो. खाली असतं पोवळं. ज्याला तरंगता येत नाही तो उभा राहणारच, हे मी पक्कं धरून चालतो. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांना माझं एकच उत्तर आहे: चौदाही जणांना घरून निघायच्या आधी तोंड पाण्यात घालून तरंगता आलं पाहिजे. पोहणं नाही आलं तरी चालेल. तरंगणं आलं पाहिजे.

पोवळं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ते दगडासारखं दिसतं आणि तिथंच घात होतो. मालवणला चित्रातल्यासारखी फांद्यांची, रंगीबेरंगी पोवळी शोधत बसू नका. आपल्याकडे बहुतेक गोळ्यासारखी, थाळीसारखी, खडकाला चिकटून वाढणारी. रंग मातकट, पिवळट, हिरवट. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, हा तर धोंडा आहे. त्या धोंड्यावर टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव शेजारीशेजारी बसलेले असतात आणि खालचा चुन्याचा सांगाडा त्यांनीच बांधलेला असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि पोवळ्याला बराचसा घास तिथूनच मिळतो. रंगही त्या शेवाळाचाच. अशा गोळ्याच्या पोवळ्याची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा दिसला तर समजा, तो बहुधा तुमच्या शाळेतल्या पोरांपेक्षा वयानं मोठा आहे.

त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. आपल्या ढिवर भावांना हे समजावून सांगावं लागत नाही. मरळ कोरड्या हातानं घट्ट धरली, तिचा बुळबुळीतपणा पुसला गेला आणि पाण्यात परत सोडली, तर काही दिवसांत तिच्या अंगावर कापसासारखी बुरशी येते. पोवळ्याचं तेच. हाताचा पंजा फिरवला की थर जातो, मग रोग शिरायला वाट मोकळी. फिनची (पायात घालायच्या पोहण्याच्या पंखाची) कड लागली तर पांढरी जखम दिसते, आणि काही आठवड्यांत त्या जखमेवर शेवाळ बसतं. एकदा ते बसलं की पोवळ्याला ती जागा परत घ्यायला फार झगडावं लागतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या पहिल्या हंगामात मी स्वतः पाहुण्यांना एका गोळ्यावर उभं करून फोटो काढून द्यायचो. गोळा कमरेएवढ्या पाण्यात होता, जागा सोयीची, किल्ल्याचा तट मागे छान यायचा. ज्यांच्याकडे कामाला होतो त्यांनी ती जागा दाखवली आणि मी वापरली. पुढच्या ऑक्टोबरात गेलो तर गोळ्याचा माथा टकलासारखा गुळगुळीत, वर तपकिरी शेवाळ, आणि कडेला फक्त चार बोटं जिवंत पट्टी उरलेली. त्या हंगामात मला कोणीच काही बोललं नाही. बोलावं असं कोणाला वाटलंही नसेल.

आता तरंगण्याचं. त्याला पैसा लागत नाही. चांगल्या सिलिकॉनचा एक मास्क आणि एक स्नॉर्केल गावात मिळून घ्या. पहिला धडा बादलीत. हसू नका. अंगणात मोठी बादली किंवा टोपलं भरून ठेवा, मास्क लावा, नळी तोंडात धरा आणि तोंड पाण्यात घालून पाच मिनिटं नुसता श्वास घ्या. नाक मास्कच्या आत बंद असतं, तोंडानंच श्वास घ्यावा लागतो. शरीराला ते पटायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला छाती धडधडते, तिसऱ्या मिनिटाला श्वास लांब होतो. ही धडधड अंगणात होऊन गेलेली बरी. समुद्रात होते तेव्हा पायाखाली पोवळं असतं.

दुसरा धडा बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात. छातीएवढं पाणी, तळ माहितीचा, गाळ पायाला धरत नाही अशी जागा. शिंगाड्याचे वेल किंवा जाळी लावलेली असतील तिथं नको, नहरात नको, धरणाच्या पाण्यात तर मुळीच नको. दोन पक्के पोहणारे शेजारी, ट्रॅक्टरच्या ट्यूबला दोर बांधून ती काठावर. लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबकी बांधायचे, तशी बांधली तरी चालते. कार्तिक संपता संपता पाणी निवळतं, तेव्हा हे करा. तोंड पाण्यात, हात पुढे सैल, पाय मागे सैल, आणि काहीच करायचं नाही. मान वर उचलली की पाय बुडतात. मान खाली सोडली की पाय आपोआप वर येतात. एवढं एकदा अंगात मुरलं की झालं.

माझ्या मोठ्या आईला मी असंच शिकवलं. वय साठ, पाण्याशी संबंध रोवणीचा आणि धुण्याचा. नऊवारीवर माझा टीशर्ट चढवून ती बोडीत उतरली, चेहरा पाण्यात घातला आणि लगेच वर काढून मला चार शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा घातला. तिसऱ्यांदा घातला तो वरच काढेना. मी घाबरून खांदा हलवला तर नळीतूनच काहीतरी बोलली. मग तोंड वर काढून म्हणाली, "अरे बाप्पा, झिंगे कसे फिरून राह्यले थे!" जन्मभर त्या बोडीतले झिंगे तिनं टोपलीत पाहिले होते, जित्याजागत्या घरात पहिल्यांदा बघितले. समुद्रात न्यायची गरजच उरली नाही, ती रोज मास्क मागायला लागली. बचत गटातल्या बायांना आधी बोडी दाखवा. भीती तिथंच मोडते. आणि एक सोय म्हणजे समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसेक ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे बोडीत जो जेमतेम तरंगतो तो समुद्रात सहज तरंगतो.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलकं आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशीवाल्यांची पंचाईत होते, कारण मिशीच्या केसांतून पाणी झिरपतं. नाकाखालचे अर्धा बोट केस कापले तरी काम भागतं. झुपकेदार मिशी असेल तर तिचा मालक आधी तयार करा, हे काम गाईडकडून होत नाही. चष्मा आत बसत नाही. नंबरचे मास्क काही ठिकाणी मिळतात, पण लहान नंबर असेल तर नुसता मास्कही चालून जातो, कारण पाण्यात वस्तू एक तृतीयांश मोठी आणि पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते. यामुळेच "पोवळं अगदी जवळ आलं" आणि "केवढा मोठा मासा" हे दोन्ही अंदाज चुकतात. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी फिरवून समुद्राच्या पाण्यानं खळबळून घ्या. आणि खर्रा (आपली सुपारी-तंबाखू) तोंडात ठेवून स्नॉर्केल धरता येत नाही. दर हंगामात आपल्याकडचा एखादा तरी प्रयत्न करतो.

केव्हा जायचं? हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात, मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, जलक्रीडा बंद ठेवतात. सुरुवातीला पाणी गढूळ असतं. माझ्या अनुभवानं डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी सर्वांत बरं, म्हणजे तुमचं धान घरात आल्यावरच. फक्त नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा टाळा. त्या दिवसांत पाण्यात माशांपेक्षा माणसं जास्त असतात. मंगळवार ते गुरुवार बघा. आणि वेळ सकाळची ठेवा, कारण दुपारनंतर वारा उठतो आणि लाटा येतात.

भरतीची वेळ काढायचं एक जुनं कोकणी गणित आहे आणि ते आपल्याला सोपं, कारण आपल्या घरी दिनदर्शिका भिंतीवर टांगलेलीच असते. तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा म्हणजे भरतीचा तास. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होतात आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित बसतं. मालवणात ती अर्धा-पाऊण तास अलीकडेही असते, तेव्हा निघण्याआधी भरतीचा तक्ता नाववाल्याला विचारून खात्री करा. पण बेत आखायला हे पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात येतं आणि जोरात जातं, ओढही जास्त. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ओढ कमी. तुमच्यासारख्या नवख्यांना दशमी ते द्वादशी या तिथी मला जमतात. सकाळी भरती मिळते, पोवळ्यावर पाणी पुरेसं उंच असतं, आणि उधाण अजून चढलेलं नसतं. ओहोटीच्या वेळी गेलात तर पोट घासून जाईल इतकं पाणी राहतं, मग कोणीही कितीही तरंगू दे, पोवळ्याला लागणारच.

नाववाला निवडताना फोनवर दर विचारण्याआधी मी सांगतो तो प्रश्न विचारा: "मासे जवळ यावेत म्हणून तुम्ही काय टाकता?" समोरचा उत्साहानं म्हणाला, "ब्रेड टाकतो साहेब, ढीगभर मासे येतात," तर आभार मानून फोन ठेवा. ब्रेड टाकला की काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे धीट मासे झुंडीनं येतात, व्हिडिओ झकास निघतो. पण ते मासे खडकावरचं शेवाळ आणि बारीकसारीक किडे खाऊन जगणारे. पोट पावानं भरलं की त्यांचं काम राहून जातं, बुजरे मासे त्या गर्दीतून हटतात, आणि राहिलेला पाव पाण्यात कुजतो. मीही दोन हंगाम टाकला आहे. त्याच्या बदल्यात दहा मिनिटं एका जागी हात-पाय न हलवता पडून राहा, मासे स्वतः येतात. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. मग पोपटासारख्या चोचीचा मासा खडक कुरतडताना दिसतो, आणि पाण्यात कान असले की त्याचा कटकट आवाजही ऐकू येतो. फटीत शेवंडीच्या मिशा हलताना दिसतात. खोबणीत तोंड उघडं टाकून बसलेला हेकरू मासा दिसतो. ब्रेडवाल्यांना यातलं एकही दिसत नाही.

दुसरा प्रश्न: "नांगर कुठे टाकता?" आपल्या गावात नांगर म्हणजे जमीन फोडणारा. होडीचा नांगरही खाली जाऊन तेच करतो, फक्त तिथं पेरणी होत नाही. दोर सैल राहिला की वाऱ्यानं होडी फिरते आणि नांगर तळ खरवडत जातो. "वाळूत टाकतो" किंवा "बोया आहे, त्याला बांधतो" असं उत्तर हवं. तिसरं, एका गाईडमागे माणसं किती. न पोहणारे असतील तर मी चारच्या वर घेत नाही. म्हणजे तुमच्या चौदांना चार गाईड हवेत, किंवा दोन गाईड आणि दोन फेऱ्या. दोन फेऱ्या करा. एक गट पाण्यात असताना दुसऱ्यानं होडीवरून पाहिलं की त्यांचं अर्धं शिक्षण तिथंच होतं.

या तिन्ही प्रश्नांना बरी उत्तरं देणारा थोडा महाग पडेल. पडू द्या. मालवणात स्कूबा म्हणून जे स्वस्तात विकलं जातं, त्यात बहुतेकदा एकजण तुम्हाला पाठीमागून धरतो, चार-पाच मीटर खाली नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. मजा आहे त्यात, नाही असं नाही. पण बघणं होत नाही. नवख्या माणसाला अर्धा तास स्नॉर्केलनं जास्त दिसतं असं माझं मत.

होडीत चढल्याबरोबर लाइफ जॅकेट. पोहणाऱ्या तिघांनाही. पट्टे इतके आवळा की खांद्याजवळ धरून वर ओढलं तर हनुवटीला लागू नये. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि माणूस बुडतोय असं समजून हातपाय झाडतो. इंजिन बंद झाल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, आणि चढताना शिडीनंच. पाण्यात ठीक असाल तर पंजा डोक्यावर ठेवा. एक हात वर करून हलवला की आम्ही निघालोच तुमच्याकडे. मौज म्हणून हात हलवू नका. मास्कमध्ये पाणी गेलं तर उभं राहायचं नाही. पाठीवर उलटायचं, आकाशाकडे तोंड, मास्क थोडा उचलून पाणी काढायचं. पायात गोळा आला तरी हेच, पाठीवर होऊन फिनचं टोक स्वतःकडे ओढायचं. न पोहणाऱ्यांना मी फिन देतच नाही. त्यांच्याकडून पोवळ्याला फटके आणि वाळूचा धुरळाच जास्त होतो. ती वाळू नंतर पोवळ्यावर बसते आणि पोवळ्याला ती झटकत बसावी लागते. मी गोल ट्यूबला धरून चौघांना ओढत नेतो. तुमच्या पन्नाशीवाल्यांना हे आवडेल.

अंगात पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबरचा टीशर्ट आणि लेगिंग. ओढणी आणि साडी होडीवर ठेवा, पाण्यात पायात गुंततात. अंग झाकलेलं असलं की सनस्क्रीन लागतच नाही. काही सनस्क्रीनमधले ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनोक्सेट पोवळ्याला घातक ठरतात म्हणून हवाईनं त्यांची विक्री २०२१ पासून बंद केली. आपल्या लोकांना टॉवेल आणि टोपी पुरते. चेहऱ्याला काही लावायचंच असेल तर झिंक ऑक्साईडचं लावा.

कोणी उतरू नये, हे नीट वाचा. हृदयविकार, आवाक्यात नसलेला बीपी, मिरगी, जोराचा दमा यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हे तुम्हाला कोणीही सांगेल. आपल्या भागासाठी मी एक वेगळी गोष्ट विचारतो: सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर इकडे ती घरोघर आहे आणि मालवणच्या नाववाल्याला ती सुचणार नाही. सिकलसेलच्या रुग्णाला गार पाणी, दमछाक आणि अंगातलं पाणी कमी होणं या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि प्रवास, ऊन, समुद्र यांत हे तिन्ही एकाच दिवशी जमतात. रुग्ण असेल तर त्यांना होडीवरून बघू द्या, किल्ला दाखवा. फक्त वाहक असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. रात्रीची गाडी उतरून त्याच सकाळी पाण्यात उतरायचं नाही, हे मात्र चौदाही जणांना लागू. एक दिवस आराम, भरपूर पाणी, आणि आदल्या रात्री दारू नाही.

आता अभयारण्याचं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला साधारण सव्वातीन चौरस किलोमीटर गाभा, बाकी बफर. ताडोब्याचा कोअर-बफर तुम्हाला माहीतच आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग किल्ला आणि शेजारचा पद्मगड याच गाभ्यात येतात. म्हणजे किल्ला बघायला गेलेला प्रत्येक माणूस अभयारण्यात शिरलेला असतो, बहुतेकांना ते ठाऊक नसतं. ताडोब्यासारखं गेट, पावती, जिप्सी असं काही दिसत नाही. वाघ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि खडक बांधणारी पोवळी २००१ पासून त्याच अनुसूचीत आहेत. तुकडा तोडून खिशात घातला तर तीन ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे. वाघाची मिशी खिशात घालायला कोणी धजत नाही, पोवळ्याचा तुकडा मात्र पोरांच्या कंपासपेटीत सापडतो.

मालवणच्या मच्छीमारांनी या अभयारण्याला वर्षानुवर्षं विरोध केला. शहरातले लोक त्यांना निसर्गाचे वैरी म्हणतात, ते मला पटत नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या माणसाला एक दिवस कागद दाखवायचा की तुझ्या आजोबाचं पाणी आता राखीव, तर तो काय करणार? हे आपल्या भागानं जंगलात भोगलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि गावानंच बांबू राखला, तोडला, विकला. समुद्रात तसा हक्क अजून कोणाच्या हातात नाही. म्हणून मी पाहुण्यांना सांगतो की गाईड स्थानिक मच्छीमाराच्या घरातला घ्या, राहणं-जेवण गावातल्या घरी करा. ज्याच्या घरी खडकामुळे चूल पेटते तो त्या खडकावर दुसऱ्याला नांगर टाकू देत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चार वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या तांडेलानं (नावेच्या प्रमुखानं) भर समुद्रात माझ्याच होडीवाल्याला असं झापलं होतं की आम्ही निमूट नांगर वर ओढून वाळूत गेलो.

तरी एक गोष्ट तुमच्या-माझ्या हातात नाही. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंशही जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर पोवळं अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी असतं. पाणी वेळेत गार झालं तर सावरतं. २०२४ साली जगभर असं झालं, लक्षद्वीपचीही पोवळी पांढरी पडली. तुम्ही गेलात आणि एखादा गोळा दुधासारखा पांढरा दिसला तर "किती सुंदर" म्हणू नका, त्याच्या आसपास जास्त वेळ घुटमळूही नका. आजाऱ्याच्या खाटेभोवती आपण गर्दी करत नाही, तसंच.

किनाऱ्यावरच्या दुकानांत शंख-शिंपल्यांच्या वस्तू मिळतात. घेऊ नका. काही जाती कायद्यानं संरक्षित आहेत, दुकानदाराला कोणत्या ते सांगता येत नाही, आणि रिकामा शंखही वाया गेलेला नसतो, त्यात खेकडा संसार थाटतो. कोणी ज्योतिषानं मंगळासाठी पोवळं घालायला सांगितलं असेल तर ते तांबडं पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, मालवणच्या खडकाशी त्याचा संबंध नाही, तेव्हा तिथं शोधू नका. खर्ऱ्याच्या पन्न्या घरीच ठेवून या. आपली वैनगंगा प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते, म्हणून इथं टाकलेली पन्नी बंगालच्या उपसागरात जाते. मालवणला टाकलेली थेट पोवळ्याच्या अंगाला गुंडाळते. मी एका सकाळी एकाच गोळ्यावरून तीन पन्न्या आणि तुटक्या जाळ्याचा हातभर तुकडा सोडवला होता. जाळं तुम्ही ओढून काढू नका, जिवंत भाग सोबत उपटून येतो. गाईडला दाखवा, आम्ही कात्रीनं कापून काढतो.

प्रवासाचं फार सांगत नाही. नागपूर-मडगाव गाडी वर्धा, बडनेरा, अकोला मार्गे कोकणात उतरते, पण ती विशेष गाडी म्हणून धावत आलेली आहे, तेव्हा तुमच्या तारखांना आहे का ते बघून घ्या. नसेल तर मुंबईकडे जाऊन कोकण रेल्वे. उतरायचं कुडाळला, तिथून मालवण एसटीनं तीसेक किलोमीटर.

मी सप्टेंबरअखेरपर्यंत गावी आहे. दोन मास्क माझ्याकडे आहेत, एक रविवार ठरवा, घेऊन येतो. तेव्हा बोडीचं पाणी गढूळच असेल, त्यामुळे त्या दिवशी बादलीचाच धडा होईल. तोवर तुम्ही चौदा जणांची यादी करा, आणि नावापुढे तीन खुणा: चष्म्याचा नंबर, सिकलसेलची तपासणी झाली आहे का, आणि मिशी.